साडेअठरा फेरे

गाडीखाली जाण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात माणसाचं नाव वर्तमानपत्रात येतं. दुसऱ्या प्रकारात माणूस जुनी सतरंजी अंथरतो, हातात पाना घेतो आणि आपणहून खाली सरकतो. त्याचं नाव फार तर इमारतीच्या नोटीसबोर्डावर येतं. मी दुसऱ्या प्रकारातला. माझं नाव नोटीसबोर्डावर अकरा दिवस होतं, आणि खरं सांगू का, गेल्या वर्षभरातले माझे तेच त्यातल्या त्यात बरे दिवस.

मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले. म्हणून इमारतीत मला सगळे नकाशेवाले म्हणतात. नट, बोल्ट, झडपा, सांधे मी हजारोंनी काढले, पण कागदावर. खरा नट गंजतो, हट्टाला पेटतो आणि पाना सटकला की आपल्याच बोटांचं सालटं काढतो, ही माहिती कुठल्याच नकाशात लिहिलेली नसते.

आता हे सगळं कशासाठी, तर हिच्यासाठी. ही म्हणजे माझी बायको. अकरा महिन्यांपूर्वी ती मुलाकडे गेली. नातू झालेला, सुनेची नोकरी, तेव्हा तीन महिने मदतीला म्हणून गेली. तीन महिने झाले तेव्हा बाळाला दात येत होते. दात आले तोवर बाळ रांगायला लागलं. रांगणाऱ्या पोराला टाकून कसं यायचं? मग ते धरून धरून उभं राहायला लागलं, आणि उभं राहणारं पोर तर काय, पडतं. माणसाचं पोर मोठं होण्यात इतके टप्पे असतात, हे माझ्या मुलाच्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हा मी कचेरीत होतो.

ती गेली त्या दिवशी मी तिला गाडीनं बसस्टँडवर सोडायला निघालो होतो. आमची गाडी एकोणीस वर्षांची. कोपऱ्यावर वळताना पुढच्या चाकातून खट्ट असा आवाज आला आणि स्टीअरिंगनं माझ्या हाताला एक हिसका दिला. ही दोन्ही हातांनी दार धरून बसली. स्टँडवर उतरल्यावर पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "आधी ही गाडी नीट करा, आणि मग मला न्यायला या. तोवर मी हिच्यात पाय ठेवायची नाही."

मी म्हटलं, "बरं."

माझ्यासारख्या माणसाचं हे असंच असतं. बायको गावाला निघालीये, आता निदान "लवकर ये गं" एवढं तरी म्हणावं! पण नाही. मी म्हणालो बरं, आणि टायरला लाथ मारून बघितली.

त्यानंतर घरात मी एकटा. एक ताट, एक वाटी, एक पेला. तेच धुवायचं, तेच पुन्हा घ्यायचं. बाकीची भांडी मांडणीवरून माझ्याकडे बघत बसलेली. एकदा सहज मोजलं, दिवसभरात माझ्याशी बोललं कोण? दूधवाला म्हणाला, "ठेवलंय." आणि लिफ्टमधली बाई म्हणाली, "कृपया दरवाजा बंद करा." ती बाई म्हणजे यंत्र आहे, हे मला कळत नाही असं नाही. पण मी तिला "हो, करतो" म्हणालो हेही तितकंच खरं.

तर दहा महिने मी गाडी नीट करायची टाळली. दहा महिने! आज करू, उद्या करू. शेवटी सरकारच मदतीला धावलं. जुन्या गाडीची ठरावीक वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. तपासनिसानं पुढचं चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं, आणि मला विचारलं, "ऐकलंत?"

"काय?"

"हेच." असं म्हणून त्यानं पुन्हा हलवलं, आणि कागदावर लिहिलं की स्टीअरिंगचे सांधे झिजलेले आहेत, पंधरा दिवसांत दुरुस्ती करून गाडी पुन्हा आणावी, अन्यथा रस्त्यावर आणू नये.

मी तो कागद हातात घेऊन पुन्हा एकदा वाचला. गाडीच रस्त्यावर आणायची नाही, तर हिला न्यायला जाणार कशानं?

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ज्यांना कळतं त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, म्हणजे माझ्या चुका काढण्याचे त्यांचे श्रम वाचतील. स्टीअरिंगकडून चाकाकडे एक दांडी जाते. तिच्या टोकाला आपल्या खांद्यासारखा सांधा असतो, वाटीत गोळी. त्याला टाय रॉड एंड म्हणतात. डाव्या चाकाला एक, उजव्याला एक. तो झिजला की स्टीअरिंग सांगतं एक आणि चाक ऐकतं भलतंच. संसारात हे वर्षानुवर्षं चालतं. रस्त्यावर चालत नाही.

गॅरेजवाल्यानं गाडी बघितली आणि म्हणाला, "काका, कशाला खर्चात पडता? भंगारात देऊन टाका. झालंय आता आयुष्य." हे तो गाडीकडे बघून म्हणाला, पण मध्येच एकदा त्यानं माझ्याकडेही बघितलं. मी तिथल्या तिथे ठरवलं, आपला हात जगन्नाथ. दोन नट, दोन सांधे. चौतीस वर्षं कागदावर काढलेच आहेत की!

सुट्या भागांच्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "डावा की उजवा?"

"दोन्ही. पण आधी डावा द्या, एक करून बघतो."

डावा घेऊन घरी आलो. गाडीशी धरून बघितला तर उलटा. इथे माझी विद्या मला भोवली. नकाशात यंत्र समोरून काढतात. समोर उभं राहिलं की जे आपल्या डाव्या हाताला, ते डावं. दुकानदाराचं डावं मात्र गाडीत बसून ठरतं. मी परत गेलो, दोन्ही बाजूंचे घेतले आणि त्याला नकाशाशास्त्राची ही बाजू नीट समजावून सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, गाडी चालवायची आतून असते."

आता खरी लढाई. शनिवारी सकाळी मी गाडी पार्किंगमध्ये जॅकवर उचलली, खाली आधाराला लोखंडी घोडा लावला, चाक काढून भिंतीला टेकवलं आणि सतरंजीवर आडवा झालो. पाच मिनिटांत माझ्या डोक्याशी दोन चपला आल्या. चपलांत सेक्रेटरी होते.

"नकाशेवाले, पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई आहे. नियम अकरा."

"अहो, घरचंच काम आहे."

"अर्ज द्या."

मी बाहेर सरकलो, काळ्या हातांनी अर्ज लिहिला, त्यांनी कोपऱ्यात धरून घेतला, वाचला, आणि म्हणाले, "मंजुरी समितीच्या बैठकीत मिळेल. तोपर्यंत काम चालू ठेवायला हरकत नाही." मग ते गेले नाहीत. खाली वाकून म्हणाले, "हा नट उलट्या बाजूनं फिरत असणार बघा." तो सुलट्या बाजूनंच फिरत होता. पण वीस मिनिटं आम्ही उलट्या बाजूनं जोर लावला.

दुपारी नोटीसबोर्डावर 'अर्ज विचाराधीन' या मथळ्याखाली माझं नाव लागलं, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास लोक बघायला आले. तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर आले. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाई भाजीची पिशवी घेऊन थांबल्या. दहा महिने मला जिन्यात "काय, बरं आहे ना?" एवढंच विचारणारी ही माणसं. तेही उत्तर ऐकायच्या आत पुढच्या पायरीवर असायची. आज सगळ्यांना वेळ होता. उघडं पडलेलं यंत्र आणि त्यात अडकलेला शेजारी, याच्याइतकं माणसाला एकत्र आणणारं दुसरं काही नाही.

नट निघाला, पण सांधा निघेना. त्याचा निमुळता दांडा चाकामागच्या लोखंडात असा रुतून बसलेला की ठोकून ठोकून माझा खांदा निखळायची वेळ आली. सेक्रेटरी म्हणाले, तेल घाला. बाई म्हणाल्या, गरम करा, धातू प्रसरण पावतो. दोन्ही केलं तर पेटेल, असं मी म्हणालो, तरी दोघांनीही आपापला मुद्दा सोडला नाही.

तेवढ्यात डॉक्टर पँट वर ओढून उकिडवे बसले. "सरळ काय ओढताय? दाढ कधी ओढून निघते का? बाजूनं हलवायची. इकडून थोडं, तिकडून थोडं. आजूबाजूची पकड सुटली की आपोआप हातात येते." त्यांनी माझ्या हातातून हातोडी घेतली आणि सांध्याला सोडून त्याच्या बाजूच्या लोखंडावर टक, टक, टक असे तीन ठोके घातले. चौथ्याला सांधा खाली पडला. डॉक्टर सवयीनं म्हणाले, "झालं, चूळ भरा."

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, आणि माझं मलाच दचकायला झालं. हसण्याचा आवाज ओळखीचा वाटेना.

आता सुटलेला सांधा दांडीवरून उलटा फिरवत काढायचा. इथे एक मेख असते. तो किती फेऱ्यांत निघाला ते मोजून ठेवायचं आणि नवा बरोबर तितकेच फेरे आत घालायचा. फेरा इकडचा तिकडे झाला की चाकाचं तोंड वाकडं. मी मोजायला लागलो. तेरा झाले, चौदा झाले, आणि फोन वाजला.

फोन हिचा. मी हाताला ग्रीस घेऊन उठलो. हिनं विचारलं, "अहो, विम्याचे कागद कुठल्या कपाटात ठेवलेत?"

"लोखंडी. वरचा खण."

"बरं. जेवलात?"

"हो."

"बरं मग."

"बरं."

आमचे फोन असेच असतात. तारेत शब्दांची काटकसर करायची सवय लागलेली पिढी आमची. फोन ठेवून मी परत आलो तर सांधा डॉक्टरांच्या हातात!

"काढला की," ते अभिमानानं म्हणाले.

"किती फेरे?"

"तुम्ही चौदा म्हणालात, पुढे मी सहा. वीस."

"सहा कुठले?" सेक्रेटरी म्हणाले. "तीन. मी इथेच उभा आहे. सतरा."

"अहो, माझ्या हातानं फिरवलेत मी!"

"हात तुमचे, डोळे माझे."

वातावरण तापलं. मी कपाळाला हात लावला, आणि पुढचे दोन दिवस ग्रीसचा तो पंजा माझ्या कपाळावर होता. शेवटी गणिताच्या बाईंनी पिशवी खाली ठेवली. चाळीस वर्षं मुलांची भांडणं सोडवलेला तो आवाज. "गप्प बसा दोघं. सतरा आणि वीस. मध्य काढा. साडेअठरा."

"पण बाई," मी म्हणालो, "हे सतरा तरी असेल नाहीतर वीस तरी. साडेअठरा तर कुणीच म्हणत नाही."

"म्हणूनच कुणाची हरकत नाही," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी उभ्या उभ्या मतदान घेतलं. बाजूनं तीन, विरोधात शून्य, गाडीचा मालक तटस्थ. ठराव सर्वानुमते संमत झाला आणि त्यांच्या वहीत नोंदला गेला. एखाद्या गाडीचं चाक लोकशाही मार्गानं बसवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

डावी बाजू अशी चार संध्याकाळी चालली. अधेमधे नट सुटू नये म्हणून घालायची पिन हरवली, ती डॉक्टरांच्या पायाखाली सापडली. एकदा बाईंनी चहा खाली पाठवला. पाठवला कसला, स्वतः घेऊन आल्या, थर्मास आणि चार कप. साडेपाच वाजले की मी घड्याळ बघायला लागायचो. पाच वाजून पन्नास मिनिटांनी कपडे बदलून खाली. सहाला माणसं.

आता एक गोष्ट सांगतो ती कुणाला सांगितलेली नाही. उजवी बाजू मी सहाव्या दिवशी सकाळी एकट्यानं केली. हात बसला होता. डॉक्टरांच्या पद्धतीनं तीन ठोके घातले, सांधा निघाला, एकोणीस फेरे मोजले, नवा एकोणीस फेरे आत घातला, नट आवळला, पिन घातली. चाळीस मिनिटं. काम संपलं. चाक लावायचं, गाडी खाली घ्यायची, एवढंच उरलं.

चाक हातात घेतलं आणि परत भिंतीला टेकवून ठेवलं.

कारण चाक लावलं की संध्याकाळी सहाला खाली कोण येणार? आणि मी तरी कशाला जाणार? संध्याकाळी मी सतरंजीवर जाऊन पडलो. ठोकायला काही नव्हतं म्हणून लोखंडी घोड्यावरच ठोकत राहिलो. सेक्रेटरी म्हणाले, "जड जातंय का?" मी म्हटलं, "फार." सातव्या दिवशीही तेच, आठव्या दिवशीही तेच. खोटं बोलतोय याची लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा बरं जास्त वाटत होतं.

नवव्या दिवशी डॉक्टर माझ्याशेजारी सतरंजीवर येऊन आडवे झाले. त्यांनी टॉर्च मारला. नवा कोरा सांधा, घट्ट नट, वाकवलेली पिन. सगळं जागच्या जागी. टॉर्च एकदा सांध्यावर फिरला, मग माझ्या हातोडीवर, मग घोड्यावर पडलेल्या वणांवर.

डॉक्टर बाहेर सरकले, पँट झटकली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे काही इतक्यात होत नाही. अजून दोन दिवस तरी लागतील. नाही का हो?"

"लागतील," मी म्हणालो. मला सतरंजीखालून बाहेर यावंसं वाटेना. म्हणजे गाडीखालून. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, आणि गाडीखाली तसं जातंच, एवढा एक त्या जागेचा फायदा.

दोन दिवस संपले. अकराव्या दिवशी चाक लागलं, घोडा निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी गाडी फाटकाबाहेर काढली. खट्ट आवाज बंद! स्टीअरिंग मात्र डावीकडे धरलं तरच गाडी सरळ जाई. स्टीअरिंग सरळ धरलं की ती उजवीकडे, समोरून येणाऱ्या लोकांची विचारपूस करायला निघे. साडेअठराचा ठराव रस्त्याला मान्य नव्हता.

मग चाकांची दिशा जुळवणाऱ्याकडे गेलो. त्यानं चाकांना यंत्र लावलं, पडद्यावर आकडे बघितले, दांडीवर पाना टाकून थोडं फिरवलं. दहा मिनिटं. मी म्हणालो, "याची एक गंमत आहे. डावीकडचे फेरे मोजताना काय झालं..." तो म्हणाला, "काका, गाडी पुढे घ्या, मागे रांग आहे."

चौदाव्या दिवशी तपासणी केंद्र. तपासनिसानं चाक धरून गदागदा हलवलं. चाक हललं नाही, तपासनीसच हलला. मला इतका आनंद झाला की त्याच्याशी हात मिळवावासा वाटला. त्यानं मला खिडकीकडे पाठवलं. खिडकीत कारकून होता.

"दुरुस्ती कोणी केली?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"गाडीचा मालक."

"मालक वरच्या रकान्यात. खालच्या रकान्यात दुरुस्ती करणारा. त्याचा शिक्का कुठाय?"

"अहो, मी स्वतःच केली. माझ्याकडे शिक्का कुठून असणार?"

त्यानं चष्मा वर सरकवला. "स्वतः केली म्हणजे कोणीच केली नाही, साहेब. शिक्का आणा."

चौतीस वर्षं सरकारी खात्यात काढल्यामुळे त्याचं म्हणणं बरोबर आहे हे मला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. मी पुन्हा त्या दिशा जुळवणाऱ्याकडे गेलो. त्यानं वाचलंही नाही, दाणकन शिक्का मारला. दोन्ही सांधे बदलल्याचं श्रेय अशा रीतीनं एका जांभळ्या गोलात त्याच्या नावावर गेलं. कारकुनाचं समाधान झालं. गाडी पास.

घरी आलो तेव्हा सहा वाजले होते. मुद्दाम पार्किंगमध्ये रेंगाळलो. नोटीसबोर्डावरून माझं नाव निघालं होतं. सेक्रेटरी आले, फोनवर बोलत बोलत लिफ्टकडे गेले. डॉक्टरांच्या दारात चपलांची गर्दी, म्हणजे आत रुग्ण. बाई भाजी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय, बरं आहे ना?"

"पास झाली गाडी," मी म्हणालो.

"वा, छान!" त्या म्हणाल्या, पण तोवर तिसऱ्या पायरीवर होत्या.

त्यांचं काय चुकलं? चालत्या गाडीजवळ कोण उभं राहतं. मी वर आलो, हातपाय धुतले, स्वच्छ शर्ट घातला आणि हिला फोन लावला. फोनवर बोलायला स्वच्छ शर्ट कशाला, हे मला विचारू नका.

"गाडी झाली," मी म्हणालो. "सरकारी कागद मिळाला. रविवारी येतो न्यायला."

"न्यायला? कुणाला?"

"तुला. तू म्हणाली होतीस ना, गाडी नीट करा आणि न्यायला या."

पलीकडे बाळानं काहीतरी आपटलं. ही म्हणाली, "अगंबाई, ते मी आपलं सहज बोलले होते हो. वैतागून. ते काय मनावर घेतलंत? आणि आता कशी निघू मी? ते चालायला लागलंय, नुसतं जिन्याकडे पळतं. सूनबाईला सुट्टी नाही. अजून चार महिने तरी हलता यायचं नाही मला."

"बरं," मी म्हणालो.

"बरं मग. पडदे धुवायला टाकलेत का?"

"टाकतो."

"बरं."

आता इथे फोन ठेवायचा असतो. एकतीस वर्षं मी इथेच फोन ठेवत आलोय. पण हात खाली जाईना. समोर मांडणीवर उरलेल्या भांड्यांची चळत होती, आणि चार महिने म्हणजे किती संध्याकाळी याचा हिशेब डोक्यात आपोआप व्हायला लागला होता.

"मला करमत नाही गं," मी म्हणालो.

मला वाटलं, लाइन तुटली.

"हॅलो?"

"ऐकतेय."

"मला इथे एकट्याला अजिबात करमत नाही. सकाळी उठतो, एक कप चहा करतो, आणि मग दिवसभर काय करायचं ते कळत नाही. लिफ्टशी बोलतो मी. ती गाडी... ती गाडी आठवडाभरापूर्वीच नीट झाली होती. मी लोकांनी यावं म्हणून नुसताच ठोकत बसलो होतो."

"थांबा हं," ती म्हणाली. दार लावल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात बोलली. "अहो, हे अकरा महिन्यांत एकदा तरी बोलायचंत! मी दोन-चार दिवसांआड काहीतरी निमित्त काढून फोन करते. विम्याचे कागद काय, पडदे काय. तुम्ही आपले बरं, बरं. मला वाटलं, यांचं छान चाललंय. कटकट गेली, सुटले."

"सुटतोय कसला!"

"मलाही कुठे करमतंय? बाळ आहे, सगळं आहे. दोघं सकाळी जातात ते रात्री येतात. माझ्याशी बोलायला सव्वा वर्षाचं पोर, त्याला दोन शब्द येतात. मी नाही निघू शकत. पण तुम्हाला तिथे कोणी बांधून ठेवलंय? तुम्ही या ना इकडे."

"मी? मुलाकडे? असं आपणहून कसं यायचं? तो एकदा म्हणाला होता, बाबा तुम्हीपण या, पण ते चहा घेणार का म्हणतात तसं. बापानं असं उठून राहायला जायचं म्हणजे..."

"तो बोलावेल तेव्हा बोलावेल. मी बोलावतेय ना?"

इतकी वर्षं जपून ठेवलेला ताठा असा एका वाक्यात बसला, आणि मला बरंच हलकं वाटलं.

"येतो," मी म्हणालो. "उद्याच येतो. सकाळी लवकर गाडी काढतो, सहा तासांत तिथे. आता बघच तू कशी चालते. खट्ट नाही की खुट्ट नाही."



"दुरुस्ती कोणी केली म्हणालात?"

"मी. स्वतः."

"अगदी सगळी?"

"सगळी."

"बसनं या," ती म्हणाली.

मी वाद घातला. घालायलाच हवा होता. तपासनिसानं काय केलं ते सांगितलं, सरकारी कागद वाचून दाखवला, त्यावरचा शिक्काही वाचून दाखवला आणि मग त्या शिक्क्याचा खुलासा करताना अडकलो. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ते राहू दे. मला तुम्ही धड हवे आहात." एवढं बोलून तिनं फोन ठेवला, आणि मी पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सव्वासहाची बस पकडली. खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी माझ्याच वयाचा एक गृहस्थ बसला होता. त्यानं माझी भली मोठी पिशवी बघितली, मला आत सरकायला जागा दिली आणि विचारलं, "काय, मुलाकडे निघालात वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. "बायकोकडे."